डावें-उजवें

आपल्या भाषेंत 'डावें-उजवें करणें' हा दोष मानला आहे. पंक्तींत वाढणाऱ्याच्या हातून एकाच्या भातावर तुपाची धार पडावी आणि शेजारच्याच्या भातावर दोनच थेंब पडावे, एवढ्यावरून भाऊबंदकीला तोंड फुटल्याचीं उदाहरणें मला ठाऊक आहेत. पण ज्या पानावर हें तूप पडावयाचें, तें पान मात्र डावें-उजवें कटाक्षानें पाळूनच वाढलेलें असतें. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर हीं डावीकडे. भाजी, आमटी हीं उजवीकडे. हा क्रम उलटा केला तर पदार्थांचें वजन बदलत नाहीं कीं चव बदलत नाहीं. तरी घरांतल्या वडील बाईंच्या नजरेला तें पान खटकतें, आणि 'हें कुणीं वाढलें?' असा प्रश्न माजघरांतून येतो. गणपतीच्या सोंडेचें असेंच आहे. ती डावीकडे वळली तर देव घरगुती. उजवीकडे वळली तर सोवळें कडक. मूर्ति तीच, माती तीच, मोदकही तेच. आरशांत पाहिलें तर एका मूर्तीची दुसरी होते. तरी भाविक माणूस या दोहोंत गल्लत करीत नाहीं.

रसायनशास्त्राचा अध्यापक या नात्यानें मला या भाविकाचें नेहमीं कौतुक वाटत आलें आहे. कारण सृष्टि या बाबतींत त्याच्याच पक्षाची आहे. कार्बनच्या एका अणूला चार निरनिराळे गट जोडले, कीं ते दोन प्रकारांनीं बसूं शकतात, आणि त्या दोन रचना म्हणजे डाव्या-उजव्या पायांच्या वहाणा. चामडें एक, टांके सारखे, वजन तंतोतंत तेंच. पण डावी वहाण उजव्या पायांत घालून चार पावलें टाकून पाहावीं! स्वयंपाकघरांतच याचा दाखला मिळतो. शेपूच्या बियांना, म्हणजे बाळंतशोपांना, जो वास असतो त्यांत कार्व्होन नांवाच्या द्रव्याचा मोठा वांटा आहे. पुदिन्याच्या एका जातीला जो वास असतो तोही कार्व्होनचाच. अणु तेच, जोडणी तीच. एक डावें, दुसरें उजवें, एवढाच फरक. तराजूला हा फरक कळत नाहीं, थर्मामीटरला कळत नाहीं. नाकाला मात्र तत्काळ कळतो, कारण नाकांतले ग्राहक हे स्वतःच एका हाताचे आहेत.

हा भेद माणसानें प्रथम डोळ्यांनीं पाहिला तो १८४८ सालीं. पंचवीस वर्षांच्या लुई पाश्चरनें टार्टारिक अम्लाच्या एका क्षाराचे स्फटिक भिंगाखालीं पाहिले, तों त्यांत दोन जाती दिसल्या. कांहींचे एक विशिष्ट पैलू उजवीकडे, कांहींचे डावीकडे. टार्टारिक अम्ल म्हणजे कांहीं परकें प्रकरण नव्हे. आपल्या चिंचेंतला आंबटपणा बहुतांशीं त्याचाच. पाश्चरनें चिमट्यानें एकेक स्फटिक वेंचून दोन ढीग केले. जात्यावर बसण्यापूर्वीं सुपांतले खडे निवडावे तसे. दोन्ही ढिगांचीं पाणी घालून द्रावणें केलीं, तेव्हां एकानें ध्रुवित प्रकाशाची पातळी उजवीकडे वळविली, दुसऱ्यानें तेवढीच डावीकडे. चौऱ्याहत्तर वर्षांच्या बियो या ज्येष्ठ शास्त्रज्ञाला तें खरें वाटेना. त्यानें पाश्चरला आपल्यासमोर तोच प्रयोग पुन्हां करावयास लावला, आणि मगच त्याला शाबासकी दिली. हे स्फटिक असे निरनिराळे पडतात ते सुमारें २७ अंशांच्या खालच्या उष्णमानांतच. त्याच्यावर दोन्ही हात एकाच स्फटिकांत गुंततात. म्हणजे पुण्याच्या वैशाखांत हा शोध लागता ना. थंड हवेचे शास्त्रावर असे उपकार आहेत.

औषधांच्या बाबतींत हें सारें केवळ कौतुकाचें राहत नाहीं. आपल्या शरीरांतलीं प्रथिनें एका हाताचीं असल्यामुळें औषधाचा एक हात त्यांच्याशीं जुळतो. दुसरा जुळत नाहीं, किंवा भलतीकडेच जुळतो. येथें व्याख्याते बहुधा थॅलिडोमाइडची गोष्ट सांगतात. तें औषध १९५७ पासून १९६१ पर्यंत पश्चिम जर्मनींत विकलें गेलें आणि हजारों अर्भकें व्यंग घेऊन जन्मास आलीं. 'त्याचा एक हात औषध व दुसरा विष होता, तेवढा वेगळा केला असता तर अनर्थ टळला असता', असें सांगून टाळ्या घेतल्या जातात. मला ही गोष्ट अशी सांगणें मान्य नाहीं. थॅलिडोमाइडचे दोन्ही हात शरीरांत गेल्यावर एकमेकांत बदलत राहतात. शुद्ध एक हात दिला असता तरी कांहीं तासांत दुसरा तयार झालाच असता. अनर्थाचें कारण अपुरी परीक्षा हें होतें. तथापि बहुसंख्य औषधें अशीं बदलत नाहींत, आणि त्यांचा एकच हात शुद्ध मिळविणें हा रसायनज्ञाचा खराखुरा, पोटापाण्याचा प्रश्न आहे.

आणि तो अवघड आहे. कीटोन या जातीच्या द्रव्यांत कार्बनच्या एका अणूला ऑक्सिजन दुहेरी बंधानें जोडलेला असतो आणि दोन बाजूंस दोन गट असतात. हे तिन्ही शेजारी एका पातळींत असतात. म्हणजे रेणूचा हा भाग पत्रावळीसारखा सपाट. त्यावर हायड्रोजन चढविला, त्याचें क्षपण केलें, कीं अल्कोहोल तयार होतें आणि तो कार्बन चौअंगी होऊन त्याला हात प्राप्त होतो. कोणता हात, हें हायड्रोजन पत्रावळीच्या कोणत्या अंगानें आला यावर अवलंबून. आमच्या बाटल्यांतलें सोडियम बोरोहायड्राइड घातलें तर तें या अंगानेंही येतें व त्या अंगानेंही येतें. त्याला डावें-उजवें ठाऊक नाहीं. निम्मा माल उजवा, निम्मा डावा. पंक्तिप्रपंच न करणारा असा वाढपी लग्नघरीं भूषणावह असेल. औषधाच्या कारखान्यांत तो निम्मा माल वाया घालवितो.

पंक्तिप्रपंच करणारा वाढपी शोधूं लागलें असतां तो सांपडला भटारखान्यांत. पावाच्या पिठांत घालतात तें यीस्ट. गोव्यांतले पोदेर पूर्वीं पाव फुगवावयास माडाची सूर घालीत; तिच्यांतही काम करणारे हेच सूक्ष्म जीव. साखर खाऊन मद्यार्क आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकणें हा यांचा संसार. या संसाराचें शेवटचें पाऊल जर नीट पाहिलें, तर सगळी गोष्ट उलगडते. साखरेचे तुकडे होत होत शेवटीं असेटाल्डिहाइड उरतें. त्याच्यावर हायड्रोजन चढविला कीं मद्यार्क होतो. यीस्टला मद्यार्काची आवड असते म्हणून तें हें करीत नाहीं. साखर फोडतांना जो हायड्रोजन मोकळा होतो तो कोणाच्या तरी गळ्यांत बांधल्याशिवाय पुढची साखर फोडतां येत नाहीं, म्हणून तें असेटाल्डिहाइडच्या गळ्यांत बांधतें. हा हायड्रोजन वाहणारें एक सहविकर आहे. त्याचें काम मोटेपेक्षां रहाटगाडग्यासारखें चालतें. साखरेपाशीं गाडगें भरतें, वर येऊन रितें होतें, पुन्हां भरावयास खालीं जातें. मग असेटाल्डिहाइडच्या जागीं दुसरेंच एखादें कीटोन नेऊन ठेवलें, तर रहाट त्याच्याही शेतांत पाणी ओतील काय?

ओततो. ही गोष्ट लोकांना हळूहळू कळत गेली. दुमा या फ्रेंच रसायनज्ञानें १८७४ सालींच नमूद केलें होतें कीं, आंबत्या यीस्टमध्यें गंधकाची पूड टाकली तर तिच्यावरही हायड्रोजन चढून कुजक्या अंड्यांचा वास सुटतो. पण हें काम जिवंत पेशीचें कीं पेशींतल्या कोणा द्रव्याचें, हा वाद मिटला तो एदुआर्द बुखनरच्या प्रयोगानें. त्यानें यीस्ट वाळूबरोबर खलून, दाबून, त्याचा रस काढला. रस नासूं नये म्हणून, मुरंबा टिकतो त्याच न्यायानें, त्यांत साखर घातली. आणि एकही जिवंत पेशी नसतांना तो रस फसफसूं लागला. १८९७ सालचा हा मुरंबा. त्याबद्दल १९०७ सालीं त्याला नोबेल पारितोषिक मिळालें, आणि १९१७ सालीं पहिल्या महायुद्धांत रुमानियाच्या आघाडीवर तो जखमी होऊन मेला.

यीस्टकडून परकीं कामें करवून घेण्याची विद्या ज्यानें पद्धतशीरपणें उभी केली तो कार्ल नॉयबेर्ग. बर्लिनजवळ दालेम येथें त्याची संस्था होती. आंबत्या रसांत सल्फाइट घातलें तर तें असेटाल्डिहाइडला धरून ठेवतें. मग बिचाऱ्या यीस्टला हायड्रोजन दुसऱ्या कोणाला तरी द्यावा लागतो आणि मद्यार्काऐवजीं ग्लिसरीन तयार होऊं लागतें, असें त्याच्या शोधांवरून दिसून आलें. पहिल्या महायुद्धांत जर्मनीनें याच मार्गानें साखरेपासून स्फोटकांसाठीं ग्लिसरीन काढलें. १९२१ सालीं नॉयबेर्गनें कडू बदामाच्या वासाचें बेंझाल्डिहाइड आंबत्या यीस्टला दिलें, तेव्हां यीस्टनें त्याला दोन कार्बनांचा तुकडा जोडून दिला. आणि तो जोड एकाच हाताचा निघाला. हें क्षपण नव्हे, सांधणी होय. पण तिच्यावरूनच दम्यावरील एफेड्रिन कारखान्यांतून तयार होऊं लागलें. (कांहीं विद्वान् वेदांतला सोम म्हणजे एफेड्रा ही वनस्पतिच असें मानतात. तसें असेल तर सोमाचें सत्त्व शेवटीं सुरेच्या किण्वाकडून काढून घेतलें गेलें, हा दैवाचा विनोद आहे.) नॉयबेर्ग ज्यू होता. हिटलरशाहींत त्याची संस्था त्याच्याकडून गेली, देशही सोडावा लागला, आणि १९५६ सालीं न्यूयॉर्क येथें तो वारला. ज्या माणसाच्या विद्येनें एका युद्धांत राष्ट्राला दारूगोळा पुरविला, त्याला त्याच राष्ट्रानें पुढच्या युद्धापूर्वीं घालवून दिलें. डावें-उजवें करणें हा दोष कां मानला जातो, तें अशा वेळीं कळतें.

१९३७ सालीं मामोली आणि व्हेर्चेल्लोने यांनीं तर यीस्टची निवड फारच कसोटीला लाविली. त्यांनीं दिलेल्या स्टेरॉइडमध्यें दोन कीटोन गट होते. यीस्टनें त्यांतील एकालाच हात लावला, दुसरा तसाच राखला, आणि जें अल्कोहोल तयार झालें तें पुरुषांच्या शरीरांत असणारें टेस्टोस्टेरॉन. दोहोंतून एक गट निवडणें आणि त्याच्याही दोन अंगांतून एक अंग निवडणें, अशा दोन निवडी एका घागरींत!

ही निवड कशी होते, याचें सोपें सूत्र झुरिकच्या व्लादिमीर प्रेलॉगनें १९६४ सालीं दिलें. त्यानें अभ्यास केला एका बुरशीचा. पण यीस्टलाही तो नियम बहुतेक लागू पडतो. कीटोनचा रेणु आपल्यासमोर असा धरावा कीं, ऑक्सिजन वर, लहान गट डावीकडे आणि मोठा गट उजवीकडे येईल. हायड्रोजन आपल्या बाजूनें, समोरून, येतो. वर्गांत हा नियम सांगतांना मुलांचे चेहरे कोरे होत असत. एके वर्षीं मीं फळ्यावर केळीचें पान काढलें. डावीकडे मीठ-चटणी, उजवीकडे भाजी-आमटी. लहान वाढणें डावीकडे, मोठें उजवीकडे, आणि वाढपी समोरून येतो. त्यानंतर परीक्षेंत हा प्रश्न सहसा कोणाचा चुकत नाहीं. प्रेलॉगला केळीचें पान ठाऊक असण्याचें कारण नव्हतें. पण नियम त्यानें आमच्या माजघरांतलाच शोधून काढला, असें माझ्या एका विद्यार्थिनीनें उत्तरपत्रिकेंत लिहिलें होतें.

आतां प्रत्यक्ष प्रयोगाविषयीं लिहितों. 'ऑर्गॅनिक सिंथेसिस' या ग्रंथमालेंत प्रत्येक कृति दुसऱ्या प्रयोगशाळेंत करून पाहिल्याशिवाय छापीत नाहींत. १९८५ सालच्या खंडांत झेबाख आणि सहकाऱ्यांची कृति आहे: एथिल असेटोअसेटेट या कीटोनापासून एका हाताचें अल्कोहोल. कोणतेंही सुगृहिणीचें पाकशास्त्र उघडावें तसें तें पान दिसतें. नळाचें पाणी, साखर, भटारखान्यांतलें यीस्ट. तासभर ढवळून फेंस आला कीं वीस ग्रॅम कीटोन घालावें. दुसऱ्या दिवशीं आणखी साखर आणि वीस ग्रॅम कीटोन. आणि मग दोन-अडीच दिवस ढवळीत राहावें. धातूचें महागडें उत्प्रेरक नको, कोरडा नायट्रोजन नको, बर्फ नको. आमच्यासारख्या तालुक्याच्या गांवच्या महाविद्यालयाला हें पान म्हणजे वरदानच.

२०१७ सालीं एम्.एस्सी.च्या एका विद्यार्थ्यानें हा विषय प्रकल्पासाठीं घेतला. त्याच्या मामांची गांवांत भट्टी होती, आणि यीस्टची ओली वडी तेथून रोज ताजी मिळे. पहिल्या आठवड्यांतच प्रयोगशाळेच्या वऱ्हांड्यांत असा वास दरवळूं लागला कीं शिपाई आंत येतांना दोनदां खोकूं लागला. पांचशें ग्रॅम साखर आंबली म्हणजे हिशेबानें अडीचशें ग्रॅम मद्यार्क होतो. ही बेरीज कोणीतरी वरपर्यंत पोंचविली, आणि मला लेखी खुलासा द्यावा लागला कीं तयार झालेला मद्यार्क कोणी पीत नाहीं. प्रयोगापेक्षां खरें कष्टाचें काम नंतरचें. यीस्टचा चिकट गाळ कोणत्याही गाळणकागदांतून गळत नाहीं. सेलाइटची पांढरी माती घालून, तासन् तास बसून, तो गाळावा लागतो. मग ईथर घालून हलवावें, तों ताक घुसळल्याप्रमाणें पाणी आणि ईथर एकजीव होऊन बसतात. चाळीस ग्रॅम कीटोनासाठीं अडीच-तीन लिटर पाणी आणि जवळजवळ तेवढेंच ईथर! या पद्धतीला सरसकट 'हरित' म्हणून गौरविणाऱ्यांनीं एकदां स्वतः गाळावयास बसावें, असें माझें नम्र मत आहे.

पहिल्या खेपेस हाताची शुद्धि निघाली ८२. हा आंकडा 'आधिक्याचा' असतो. म्हणजे शंभरांत एक्याण्णव एका हाताचे, नऊ दुसऱ्या हाताचे, आणि वजाबाकी ८२. छापील कृतींतही ८५ च्याच जवळपास आहे. मुलगा मात्र खट्टू झाला. 'सर, विकर तर एकच हात देतें म्हणतात. मग हे नऊ आले कोठून?'

प्रश्न बरोबर होता, आणि त्याचें उत्तर अमेरिकेंतील विस्कॉन्सिन येथील चार्ल्स सी यांनीं १९८३ ते १९८५ या काळांत शोधलें होतें. यीस्ट म्हणजे एक वाढपी नव्हे. तो वाढप्यांचा तांडा आहे. त्यांच्यांतले कांहीं एका अंगानें वाढतात, कांहीं बरोबर उलट अंगानें. त्यांचें एकमेकांशीं कांहीं संगनमत नाहीं. जें हातीं लागेल तें जो तो आपल्या परीनें उरकतो. सी यांनीं दाखविलें कीं, क्लोरीन असलेल्या अशाच एका कीटोनाची शेपटी आंखूड ठेवली तर एक हात वरचढ होतो, आणि तीच शेपटी आठ कार्बनांची लांब केली तर दुसरा हात जवळजवळ शुद्ध मिळतो. त्या दुसऱ्या हातापासून त्यांनीं कार्निटीन बनविलें. १९९६ सालीं यीस्टची सगळी, सुमारें सहा हजार जनुकांची, पोथी वाचून झाली, तेव्हां हा तांडा केवढा मोठा आहे तें कळलें.

मुलानें ही हकीकत घरीं मामांना सांगितली. मामा म्हणाले, 'गोड पावाच्या पिठांत आम्ही साखर एकदम घालीत नाहीं. एकदम घातली कीं यीस्ट गुदमरतें. थोडी थोडी घालावी लागते.' मामांचें कारण निराळें होतें; दाट साखर पेशींतलें पाणी शोषून घेते म्हणून यीस्ट मंदावतें. पण मुलानें त्यावरून जो तर्क केला तो अचूक होता. कीटोन फार झालें म्हणजेच उलट्या अंगाच्या वाढप्यांना काम मिळतें. तें थेंबथेंब दिलें तर पहिले वाढपी तें परस्पर उरकतील. स्वित्झर्लंडमधील संशोधकांनीं १९८३ सालीं नेमकें हेंच करून, शिवाय हवा खेळती ठेवून, ९५ ते ९७ पर्यंत मजल मारली होती. तो निबंध मीं त्याच्यापुढें ठेवला तो तर्क त्यानें मांडून झाल्यावर. अगोदर ठेवला असता तर त्याचा आनंद मीं चोरला असता.

सलाइनच्या जुन्या नळीनें त्यानें तीन दिवस थेंबथेंब कीटोन सोडलें. माशांच्या हौदांत हवा सोडणारा पंप लाविला. तिसऱ्या रात्रीं पाऊस कोसळला आणि सहा तास वीज गेली. ढवळणें बंद, हवा बंद. शुद्धि निघाली ९३. 'सर, वीज गेली नसती तर ९६ आलेच असते,' तो म्हणाला. मीं म्हटलें, 'आले असते. तूं काय लिहिणार आहेस?' त्यानें ९३ लिहिलें, आणि खालीं विजेची हकीकत तारखेसह लिहिली. पुन्हां करून पाहावयास वेळ उरला नव्हता.

पुढल्या वर्षीं एका संशोधनवृत्तीच्या मुलाखतीस तो गेला. समितींतील एका गृहस्थांनीं प्रबंध चाळून विचारलें, 'हें रसायनशास्त्र कीं बेकरी?' दुसऱ्यांनीं विचारलें, 'छापील आंकडा ९७ असतां तुमचा ९३ कां?' त्यानें वीज गेल्याचें सांगितलें. समितींत हंशा पिकला. वृत्ति त्याला मिळाली नाहीं. ज्याला मिळाली त्याचें काम अधिक चांगलें असेलही; मला तें पाहावयास मिळालें नाहीं. परंतु बेकरीविषयींच्या त्या प्रश्नाचें उत्तर देणें मला भाग आहे. नोयोरी यांनीं रूथेनियमचें उत्प्रेरक वापरून हींच कीटोनें १९८७ सालीं क्षपित केलीं; त्यांना कोणताही हात पाहिजे तेव्हां मिळतो, यीस्टला एकच येतो; त्यांच्या २००१ सालच्या नोबेल पारितोषिकाविषयीं कोणाचा वाद नाहीं. पण त्याच काळांत औषधांचा धंदा यीस्टकडे पाठ फिरवून बसला असें मात्र झालेलें नाहीं. त्यानें तांड्यांतला हवा तो एकच वाढपी वेगळा काढला, त्याला सुधारला आणि कामाला लावला. कोलेस्टेरॉलवरील ॲटोर्वास्टॅटिनची गोळी माझ्या वयाचे अनेक लोक रात्रीं जेवणानंतर घेतात, मीही घेतों. तिच्या एका महत्त्वाच्या घटकासाठीं कोडेक्सिस या कंपनीनें असेंच विकर वापरलें आणि २००६ सालीं अमेरिकेचें हरित रसायनशास्त्राचें पारितोषिक मिळविलें. कच्चा माल म्हणजे सी यांचें तेंच क्लोरीनयुक्त कीटोन, आणि हायड्रोजन पुरविणारी तीच साखर. हैदराबादच्या भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्थेंतील यादव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००२ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत तर यीस्टही नाहीं. मंडईंतल्या गाजराचे तुकडे पाण्यांत टाकून त्यांनीं कीटोनांचीं एका हाताचीं अल्कोहोलें मिळविलीं. त्या निबंधाला कोणीं 'हें रसायनशास्त्र कीं भाजीबाजार?' असें विचारल्याचें माझ्या ऐकिवांत नाहीं.

तो मुलगा आतां औषधांच्या एका कारखान्यांत तपासणी विभागांत आहे. तयार मालांत भलत्या हाताचे रेणु किती, हें दिवसभर मोजणें हेंच त्याचें काम. तेथें मर्यादा शेंकडा अर्ध्याच्याही खालीं असते. मर्यादेबाहेरचा माल तो परत पाठवितो, आणि उत्पादन विभाग त्याच्यावर चिडतो, असें त्यानें दिवाळीस आला तेव्हां सांगितलें. बरोबर मामा होते. प्रबंधाची एक प्रत मीं त्यांना पूर्वींच दिली होती. ती त्यांनीं वाचली नसेल अशी माझी समजूत, पण त्यांच्या मनांत एक प्रश्न राहून गेला होता.

'सर, चांगले तेवढे तुम्ही निवडून घेतलेत,' ते म्हणाले, 'मग त्या राहिलेल्यांचें काय करतां?'

मीं त्यांना सांगितलें कीं, अल्कोहोलाला एक अम्ल जोडून त्याचे स्फटिक पाडतात. शुद्ध हाताचे स्फटिक खालीं बसतात, आणि दोन्ही हातांचें निमेनिम मिश्रण वरच्या द्रवांत राहतें. तो द्रव बहुतेक ठिकाणीं टाकून देतात. आमच्याकडे टाकलेला नाहीं. कपाटांतून ती बाटली काढून मीं त्यांच्या हातांत दिली. मामांनीं बूच काढून वास घेतला, भाच्याकडे पाहिलें, आणि म्हणाले, 'पावाचा वास येत नाहीं.'